आधी आंटी, मग नेपाळ

दुसऱ्याला मदत करण्याच्या बाबतीत आमच्या अध्यक्षबाईंइतक्या संशयी बाई पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या नसतील. देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणी फोटो काढून देतं, कुणी शेजाऱ्याने दिलं म्हणून देतं, कुणी माळ्यावरची अडगळ कमी व्हावी म्हणून देतं. पण द्यायची वस्तू आधी स्वतः पांघरून, तिच्यात झोपून, तिच्यावर शिजवून, वेळ पडल्यास ती डोक्यावर घेऊन तीन जिने चढून पाहिल्याशिवाय 'द्या' असं न म्हणणाऱ्या बाई मला एकच भेटल्या, आणि त्या बोरिवलीत आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी इमारत त्यांना आंटी म्हणते. त्या मूळच्या खाडीपलीकडच्या गोराईच्या, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे घरात मराठीच बोलणाऱ्या. लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली आणि निवृत्त झाल्यावर चर्चमधल्या मंडळींनी त्यांच्या गळ्यात एका छोट्या ट्रस्टचं अध्यक्षपद घातलं. घालणाऱ्यांना वाटलं होतं, बाई एकट्या आहेत, वेळ जाईल. त्यानंतर ट्रस्टींपैकी कुणाचाच वेळ स्वतःचा राहिला नाही.

ट्रस्टचं काम तसं सरळ आहे. चर्चच्या जत्रेतून, लोकांच्या वर्गणीतून जे काही जमतं ते देशाबाहेरच्या गरिबांच्या कामाला पाठवायचं. नेपाळातलं एखादं डोंगरी गाव, बांगलादेशातली एखादी वस्ती, आफ्रिकेतली एखादी विहीर, जिथे आपल्या ओळखीची एखादी सिस्टर किंवा एखादा फादर राबतो आहे तिथे. देशाबाहेर काही पाठवायचं म्हणजे सरकारी परवानग्या आल्या, आणि परवानग्या आल्या म्हणजे माझ्यासारखा माणूस आला. मी एका कंपनीच्या कायदा विभागात आयुष्य काढलं. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून आंटी आमच्या मजल्यावर दम खायला थांबल्या आणि दाराची पाटी वाचून आत आल्या. मी काय करतो ते विचारलं, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तू हिंदू आहेस ना? झकास. म्हणजे चर्चमधली भांडणं तुला कळणारच नाहीत. रविवारी ये." अशा रीतीने मालवणच्या एका वैष्णव घराण्यातला मी, एका ख्रिस्ती ट्रस्टचा सेक्रेटरी झालो. माझ्या बायकोने फक्त एवढंच विचारलं की तिथे जेवायला काय देतात.

तिथे काही देत नाहीत. बैठक चर्चच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात भरते, कारण रविवारी तोच वर्ग रिकामा असतो. आम्ही सहा ट्रस्टी पोरांच्या बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसतो आणि आंटी बाईंच्या खुर्चीत बसतात. त्यांच्यासमोर अंडं उकडायचं वाळूचं घड्याळ असतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंककॉल तीन मिनिटांचा असे, आणि जगातलं कुठलंही महत्त्वाचं बोलणं तीन मिनिटांत मावतं यावर त्यांची बायबलखालोखाल श्रद्धा आहे. वाळू संपली की त्या जुन्या सवयीने विचारतात, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" हा प्रश्न त्या इतक्या कोरड्या आवाजात विचारतात की भल्याभल्यांची वाढवायची इच्छा मरते. एकदा आमचे फादर सुरुवातीची प्रार्थना म्हणत होते. फादर मनापासून प्रार्थना करणारे, एका देशातून दुसऱ्या देशात, तिथून आजारी माणसांकडे आणि तिथून गच्चीच्या गळतीकडे चालले होते. आंटी डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "फादर, तीन मिनिटं झाली. पुढचं त्याला माहीत आहे." फादरांनी आमेन म्हटलं. नंतर ते मला जिन्यात म्हणाले की बाईंचं धर्मशास्त्र चूक नाही.

पण हे सगळं वरवरचं. आंटींची खरी ख्याती त्यांच्या परीक्षेसाठी होती. तिचं मूळ मला फादरांकडून कळलं. त्या अध्यक्ष झाल्या त्या पहिल्याच वर्षी पूर आलेल्या एका देशात ट्रस्टने गोधड्या पाठवल्या होत्या. छान जाड, कापसाच्या. ओल्या झाल्यावर त्या गोधड्या उचलायला दोन माणसं लागत आणि वाळायला आठवडा. तिथल्या लोकांनी आभार मानले आणि त्या गोधड्यांचा बांध घातला. हे ऐकल्यावर आंटींनी नियम केला की आपण इथे पंख्याखाली बसून ज्यावर सही करतो ते आधी अध्यक्षाच्या अंगावर आलं पाहिजे. नियम कुठे लिहिलेला नाही. लिहून घेण्याची माझीही हिंमत झाली नाही.

मी आलो त्या वर्षी वादळग्रस्तांसाठी तंबूंचा प्रस्ताव होता. नमुन्याचा एक तंबू आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तो उभा होता. आत आंटी, एक चटई, एक बादली आणि येशूची तसबीर. सोसायटीच्या चेअरमनला वाटलं की कुणीतरी गच्चीवर अनधिकृत खोली काढली. तो तावातावाने वर गेला, तर आंटींनी त्याला आत बोलावून अर्धा तास बसवलं आणि विचारलं, गुदमरतंय का. तो म्हणाला, हो. आंटी म्हणाल्या, मलाही. तंबूवाल्याला कळवण्यात आलं की दोन्ही बाजूंना खिडक्या हव्यात. चेअरमन अजूनही सांगतो की त्याने एका आंतरराष्ट्रीय मदतकार्यात भाग घेतला होता.

विहिरीच्या प्रस्तावाच्या वेळी तर त्यांनी घरातले नळच बंद केले. तिथल्या बायका पाणी कितीतरी लांबून आणतात असं प्रस्तावात म्हटलं होतं, म्हणून आंटी खालच्या टाकीवरून कळशी भरून तीन मजले चढू लागल्या. लिफ्ट वापरायची नाही, कारण आफ्रिकेत लिफ्ट नाही. तिसऱ्या दिवशी वॉचमन माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेब, आंटींचं पाणी कापलं का, मी भरून देतो. पुढच्या बैठकीत प्रत्येक ट्रस्टीने आपल्या चहापुरतं पाणी तळमजल्यावरून स्वतः आणायचं होतं. आमच्यातले एक डॉक्टर आहेत, त्यांनी घरून पाण्याची बाटली आणून फसवण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना चहा मिळाला नाही. विहीर एकमताने मंजूर झाली. सुईणींच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव आला तेव्हा आम्ही सुटलो असं वाटलं, कारण सत्तरीतल्या अविवाहित बाई त्यात काय तपासणार. आंटींनी पहिलीच्या वर्गाच्या खिडक्या कागद लावून बंद केल्या, दिवे घालवले, आणि त्या बाळंतपणाच्या पेटीतलं सगळं सामान आम्हाला चाचपून क्रमाने बाहेर काढायला सांगितलं, कारण तिकडे वीज नसते. मला नाळ बांधायचा दोरा सापडेना. "सेक्रेटरी," अंधारातून आंटींचा आवाज आला, "तुझ्या हातात बाळ आहे हे लक्षात ठेव." मला घाम फुटला तो खरा होता. पेटीतल्या पिशव्यांना वेगवेगळ्या गाठी मारायची सूचना त्या दिवशी गेली.

तर अशी ही परीक्षा. आम्ही तिला हसत होतो, घरी जाऊन तिच्या गोष्टी सांगत होतो, पण खरं सांगायचं तर आमचा सगळ्यांचा तिच्यावर भरवसा होता. आंटी पास म्हणाल्या की पास. म्हणूनच चुलीच्या वेळी जे झालं त्याने माझी झोप उडाली.

नेपाळातल्या एका उंचावरच्या गावातून आमच्या ओळखीच्या सिस्टरचा प्रस्ताव आला होता. गावात घरोघरी उघडी चूल, घराला एक दार आणि एक झरोका. थंडीत दार बंद, आत बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं धुरात. सिस्टरला तिथे बिनधुराच्या चुली बसवायच्या होत्या. चुली खाली शहरात तयार होत्या, पण खेचरांवरून वर न्यायच्या त्या पावसाआधीच, कारण पावसात डोंगरातली वाट दरवर्षी वाहून जाते आणि ती बांधून होईपर्यंत बर्फ पडायला लागतो. मेमध्ये निघाल्या नाहीत तर तो हिवाळा गेला. सिस्टर फोनवर बोलली तेव्हा मागे एक मूल खोकत होतं. ती त्याबद्दल काही बोलली नाही, पण आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

मुंबईला येणाऱ्या कुणाबरोबर तरी नमुन्याची एक चूल आली. लोखंडी, मुलांच्या स्टुलाएवढी, आत लाकडं सारायला तोंड. आंटींनी ती आपल्या बाल्कनीत मांडली, वखारीतून ढलपे आणले आणि गॅसला कुलूप लावल्यासारखं करून आठवडाभर तिच्यावर स्वयंपाक केला. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही, कारण धूरच नव्हता, आणि तिथेच आंटींच्या मनात संशय शिरला. रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मातीच्या तवलीत बांगड्याचं आंबट तिखट होतं, सोबत तांदळाच्या भाकऱ्या. सगळे बोटं चाटत जेवले. आंटींनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि ताट सारलं. "चव नाही," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटलं, उत्तम आहे. "आई करायची त्याला धुराचा वास असायचा. हे गॅसवरच्यासारखंच लागतं. आठ दिवस बघतेय, चव येतच नाही. त्या बायका दोन दिवस वापरतील आणि फेकून देतील. गोधड्यांसारखं व्हायला नको. नापास."

आमच्यात एक तरुण ट्रस्टी आहे, अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत सल्लागार. तो लॅपटॉप घेऊन बैठकीला येतो म्हणून आंटींचं त्याच्याशी फार जमत नाही. जेवणानंतर वर्गात बैठक भरली तेव्हा तो उठून उभा राहिला, म्हणजे पहिलीच्या बाकातून जेवढं उभं राहता येतं तेवढा, आणि म्हणाला, "आंटी, ती चूल धूर होऊ नये म्हणूनच बनवलीय. धुराची चव नाही म्हणून तुम्ही तिला नापास करता, हे काय आहे यार?" यार हा शब्द त्या वर्गात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. वाळू अजून निम्मी वर होती, पण आंटी म्हणाल्या, तीन मिनिटं झाली. मत घेतलं. तिघे बाजूने, त्यात मीही. तिघे विरुद्ध, त्यात फादर आणि डॉक्टर, कारण आंटींची परीक्षा आजवर चुकली नव्हती. समसमान झाल्यावर आमच्या नियमाप्रमाणे निर्णय अध्यक्षांचा. त्यांना फक्त 'नाही' म्हणायचं होतं. त्या खडूच्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगते. चूल गोराईला नेते. तिथल्या बायकांचा जन्म चुलीपुढे गेला. त्या हिला हसतील, मग तुम्हाला पटेल. सेक्रेटरी, तू उचलायला ये."

मी गेलो. एक तर चूल जड होती, आणि दुसरं म्हणजे ती ट्रस्टची मालमत्ता होती. खाडीवर बोटीत चूल मांडीवर घेऊन बसलो तेव्हा एका माणसाने विचारलं की ही विकायची आहे का. आंटी त्याला म्हणाल्या, फुकट घे, चव नाही. सिस्टरला मी काय कळवणार होतो ते मी मनातल्या मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मला लाजिरवाणं वाटत होतं. एका हिवाळ्याचा धूर, का, तर बोरिवलीच्या बाईंना बांगडा आवडला नाही म्हणून. आंटींच्या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती, त्यामुळे त्यांचा रागही धड येईना.

गोराईला आंटींच्या भावाच्या घरी मसाल्याचे दिवस चालू होते. ईस्ट इंडियन लोकांचा हा मसाला उन्हाळ्यात एकदाच होतो, वर्षभर बाटल्यांत ठासून ठेवतात. अंगणात मिरच्या वाळत पडल्या होत्या. पाच-सहा बायका तीन दगडांच्या चुलीवर खापरीत एकेक जिन्नस भाजत होत्या, आणि मिरची खापरीत पडली की अख्खी आळी शिंकत होती. सगळ्यांच्या पदरांची टोकं नाकाला लावलेली. मधोमध आंटींची वहिनी, वयाने त्यांच्याहूनही मोठी, डोळे बारीक करून बसलेली. ते डोळे बारीक नव्हते, कायमचेच तसे झाले होते, हे मला जवळ गेल्यावर दिसलं. आंटींनी चूल मध्ये ठेवायला लावली आणि वर्गाला ओळख करून द्यावी तशी माहिती दिली. अपेक्षेप्रमाणे बायका हसल्या. एकीने विचारलं, ही चूल की मोदकपात्र. आंटी माझ्याकडे बघून मान हलवू लागल्या.

मग वहिनीने, केवळ पाहुणीचा मान म्हणून, तिच्यात दोन लाकडं सारली आणि वर धण्यांची खापरी ठेवली. धणे भाजले. मग हळद आली. मग मिरची. मिरचीचा ठसका होताच, तो कुठे जातोय, पण धूर नव्हता, आणि वहिनीने नाकाचा पदर सोडला. थोड्या वेळाने तिच्या बाजूची बाई आपली खापरी घेऊन तिथे आली. वहिनीने ती ठेवू दिली नाही. म्हणाली, माझं होऊ दे. दुपार झाली तरी तिचं होईना. इतर बायका दगडांच्या चुलीपुढे खोकत होत्या आणि नंबर कधी येणार म्हणून कुरकुरत होत्या. दोघींचं चांगलं वाजलं. आंटी हे सगळं एका स्टुलावर बसून बघत होत्या, आणि त्यांना जे दिसत होतं ते त्यांच्या मनाविरुद्ध होतं हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "वहिनी, पण चव? आईच्या हातच्याला धुराचा वास असायचा. ती चव हिच्यावर येत नाही."

वहिनी त्यांच्या गावच्या बोलीत बोलली, मला जेवढं समजलं तेवढं माझ्या मराठीत सांगतो. ती खापरीतली मिरची हलवत म्हणाली, "चव तुम्हाला होती, बाय. तुम्ही मुलं गरम गरम जेवून जायची. सासू गरम कधी जेवली? ती बसायची तेव्हा सगळं थंड झालेलं असायचं. आणि तिला वास कुठे येत होता? तिचं नाक धुराने कधीच गेलं होतं."

तिने हे भांडणासाठी म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर ती पुढची मिरची घ्यायला वळलीसुद्धा. अंगणात कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही, पण मी आंटींना इतकी वर्षं ओळखत होतो, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. निघताना मी चूल उचलायला गेलो तर वहिनी म्हणाली, गरम आहे, निवल्यावर ने. मी आंटींकडे बघितलं. त्यांनी हाताने मला चल म्हणून खूण केली.

परतीच्या बोटीत माझी मांडी मोकळी होती. आंटी पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. धक्का जवळ आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आईचे डोळे सारखे वाहायचे. आम्ही भावंडं म्हणायचो, आई रडकी आहे. तिला चिडवायचो रे." आणि मग मला काही म्हणायची संधी न देता रिक्षा बघायला निघून गेल्या.

त्या आठवड्यात चूल आणायला मी दोनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं की अजून गरम आहे. दुसऱ्यांदा उत्तर आलं की वहिनीने ती पडवीत मांडून भोवती माती लिंपली आहे, आता काढली तर पडवी उकरावी लागेल. ट्रस्टची मालमत्ता अशा प्रकारे एका पडवीत गडप झालेली मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती. रविवारी मी वर्गात गेलो. सिस्टरचा निरोप आला होता की खेचरवाले आणखी थांबायला तयार नाहीत. आंटी आल्या, प्रार्थना झाली, फादरांनी ती स्वतःहून आटोपती घेतली. तरुण ट्रस्टीने लॅपटॉप उघडला आणि बहुधा मोठ्या युद्धाच्या तयारीने विचारलं, "आंटी, चूल कुठे आहे?"

"गोराईला."

"केव्हा आणणार?"

"देत नाहीत परत," आंटी म्हणाल्या. "फोनवर मागितली, तर भांडल्या माझ्याशी. माझं मत बाजूने लिही, सेक्रेटरी." मग वाळूचं घड्याळ त्यांनी आडवं ठेवलं आणि त्या पुढे म्हणाल्या, "आणि आणखी एक लिही. यापुढे मी घरी तपासणार नाही. मी गॅसवर जेवणारी बाई. तंबूत मी एक रात्र झोपते ती सकाळी घरी यायचं आहे हे माहीत असून. वस्तू ज्यांचं काम त्यांच्याकडे आधी ठेवायची आणि मग परत मागायला जायचं. हसत परत दिली तर नापास."

डॉक्टर हसले, फादर हसले, आणि माझ्या छातीवर आठवडाभर ठेवलेलं ओझं इतक्या अचानक उतरलं की मी मत नोंदवताना पेन उलटं धरलं होतं. तरुण ट्रस्टीने तिथूनच सिस्टरला फोन लावला. तिने खेचरवाल्यांना ओरडून थांबवलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आंटींनी तिला तीन मिनिटं संपल्यावरही बोलू दिलं. चुली वर पोहोचल्या, आणि थंडी पडल्यावर सिस्टरचा निरोप आला की गावात आता धुरावरून नाही, तर कुणाची चूल चांगली जागी बसवली यावरून भांडणं आहेत. आंटी म्हणाल्या, भांडतायत ना, मग बरं.

आता आमची गच्ची रिकामी असते. नमुने येतात आणि परस्पर कुर्ल्याच्या एखाद्या वस्तीत किंवा मढच्या कोळीवाड्यात जातात, आणि परत मागायला आम्ही ट्रस्टी आळीपाळीने जातो व शिव्या खातो. काम पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं चाललं आहे, हे मी सेक्रेटरी म्हणून मान्य करतो. पण सोसायटीचा चेअरमन मला कधीकधी लिफ्टमध्ये विचारतो की हल्ली काही नवीन तंबू वगैरे नाही का, आणि नाही म्हणताना मलाही थोडं सुनं वाटतं. आंटी आता हळू चालतात. तीन मजले कळशी घेऊन चढलेल्या बाई त्याच, असं नवीन भाडेकरूंना सांगितलं तर ते नुसतं हसतात.

त्या मत देऊन आल्या त्या रात्री मी त्यांना आमच्याकडेच जेवायला घेऊन आलो होतो. माझ्या बायकोने बांगड्याचं तिखलं केलं होतं, आमच्या मालवणी पद्धतीचं, साध्या गॅसवरचं. आंटी आणि मी टेबलाशी बसलो. बायको नेहमीप्रमाणे ओट्यापाशी भाकरी थापत होती, एकेक गरम आणून आमच्या पानात टाकत होती, आणि मीही नेहमीप्रमाणे खायला सुरुवात केली होती. आंटींनी पानाला हात लावला नव्हता. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी बायकोच्या हातातून उलथनं काढून घेतलं. "आधी तू बस गं," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर खा, आणि कसं झालंय ते मला सांग." बायको माझ्याकडे बघत संकोचून खुर्चीत बसली. आंटी तव्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, भाकरी त्यांना नीट थापता येत नव्हती, आणि पहिला घास खाऊन बायको काय म्हणते याची त्या वाट बघत होत्या.